समुद्राने दिलेलं एक वर्ष: लक्षद्वीपमध्ये कोरोना उशिरा का आला आणि आल्यावर काय झालं

भारतातला कोरोनाचा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये सापडला. लक्षद्वीपच्या लोकांसाठी केरळ म्हणजे समोरचा किनारा. कॉलेजात शिकायला, मोठ्या शस्त्रक्रियेला, बाजारहाटाला माणसं तिकडेच जातात. बेटांवर लागणारा तांदूळ, औषधं, डिझेल असं बहुतेक सगळं सामानही समुद्र ओलांडूनच येतं. तरीही लक्षद्वीपमधल्या पहिल्या रुग्णाची नोंद झाली ती थेट १८ जानेवारी २०२१ रोजी. त्या दिवशी एकट्या महाराष्ट्रातली रुग्णसंख्या २० लाखांना टेकली होती.

नंतर मात्र चित्र झपाट्याने पालटलं. साथीच्या अखेरीस लक्षद्वीपच्या नावावर ११,४१५ रुग्ण आणि ५२ मृत्यू नोंदले गेले. २०११ च्या जनगणनेनुसार बेटांची लोकसंख्या ६४,४७३ आहे. म्हणजे साधारण दर सहा माणसांमागे एक जण बाधित झाला. आधी जवळपास वर्षभर शून्य आणि मग दर सहांत एक, हे एकाच ठिकाणी कसं घडलं? यात नशिबाचा भाग थोडा आणि हिशेबाचा मोठा आहे. तो हिशेब नीट मांडून पाहिला तर विलगीकरण, चाचणी, लस, ऑक्सिजन या चारही गोष्टी कशा चालतात ते कळतं. मोठ्या शहरात हे सगळं गर्दीत हरवून जातं. बेटावर ते वेगवेगळं दिसतं.

समुद्र म्हणजे तटबंदी नव्हे

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटं मोजतात. त्यांपैकी वस्ती दहा बेटांवर: कवरत्ती, अगत्ती, अमिनी, अंद्रोत, कडमत, किल्तान, चेतलत, बित्रा, कल्पेनी आणि मिनिकॉय. सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ अवघं ३२ चौरस किलोमीटर. कोचीपासूनचं अंतर बेटानुसार सव्वादोनशे ते साडेचारशे किलोमीटर.

'दूरचं बेट' म्हटलं की विरळ वस्ती डोळ्यांसमोर येते. इथे उलट आहे. दर चौरस किलोमीटरला दोन हजारांवर माणसं राहतात. बहुतेक बेटांवर अजूनही आईच्या बाजूने चालणारी मोठी एकत्र घरं आहेत, त्यांना तरवाड म्हणतात. तीन पिढ्या एका छताखाली, एकच विहीर, शेजारचं घर हाकेच्या अंतरावर. श्वासातून पसरणाऱ्या विषाणूला याहून सोयीची जागा मिळणं कठीण. थोडक्यात, बेटाबाहेर संरक्षण भरपूर होतं आणि बेटावर जवळजवळ नव्हतंच.

समुद्र असला म्हणजे रोग येत नाही, हेही खरं नाही. अंदमान-निकोबार मुख्य भूमीपासून लक्षद्वीपपेक्षा कितीतरी लांब आहे, तरी तिथे मार्च २०२० मध्येच रुग्ण सापडले. ऑगस्टपर्यंत विषाणू स्ट्रेट बेटावरच्या ग्रेट अंदमानी जमातीपर्यंत पोहोचला. त्या जमातीत तेव्हा पन्नासच्या आसपास माणसं उरली होती. पोर्ट ब्लेअरला मोठी विमानं उतरतात, अनेक शहरांतून उतरतात. अंतर महत्त्वाचं नसतं. किती दारं उघडी आहेत आणि दारावर काय चालतं, हे महत्त्वाचं असतं.

लक्षद्वीपची दारं मोजकी होती. धावपट्टी एकच, अगत्तीला, आणि तिथे छोटीच विमानं उतरतात. बाकी प्रवास जहाजाने: एमव्ही कवरत्ती सातशे प्रवासी नेते, कोरल्स आणि लगून्स प्रत्येकी चारशे, अरेबियन सी आणि लक्षद्वीप सी प्रत्येकी अडीचशे. बेटानुसार १४ ते २० तास लागतात. बऱ्याच बेटांभोवती प्रवाळाचा कडा असल्यामुळे मोठं जहाज आत येऊ शकत नाही. ते खोल पाण्यात थांबतं आणि प्रवासी छोट्या होड्यांत उतरून लगूनमधल्या, म्हणजे कड्याच्या आतल्या उथळ पाण्यातल्या, धक्क्यावर येतात. एरवी हा त्रास वाटतो. साथीत त्याचा अर्थ असा झाला की कोण उतरलं, किती वाजता उतरलं, कोणत्या होडीतून उतरलं हे सगळं माहीत असायचं. चोरवाट नव्हती.

शिवाय प्रवेशाचा परवाना हा प्रकार इथे नवा नव्हता. बाहेरच्या माणसाला लक्षद्वीपमध्ये जायला परवाना लागतो. यासंबंधीचे नियम १९६७ चे आहेत. इतर राज्यांना मार्च २०२० मध्ये 'जिल्हाबंदी' उभारावी लागली, नाके बसवावे लागले. लक्षद्वीपला फक्त परवाने देणं थांबवायचं होतं. ते लवकर थांबवलं गेलं, पर्यटन बंद झालं.

सात अधिक चौदा

दार बंद करणं सोपं असतं, बंद ठेवणं अवघड. शेकडो बेटवासी शिक्षणासाठी, उपचारांसाठी केरळात होते. त्यांना परत आणायचंच होतं. पुढे नोकरदार, डॉक्टर, जवान, जहाजांचे खलाशी यांची ये-जा चालू ठेवावीच लागणार होती. म्हणून २०२० मध्ये एक पद्धत बसवली गेली: आधी कोचीत सात दिवस विलगीकरण, मग चाचणी, ती निगेटिव्ह आली तर जहाज, आणि बेटावर उतरल्यावर आणखी १४ दिवस विलगीकरण. सामान्य माणूस असो की खासदार, नियम एकच.

हे आकडे कुठून येतात, ते समजून घेण्यासारखं आहे.

विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत मूळ प्रकारात सरासरी पाच दिवस लागत. ज्यांना लक्षणं येणार असतात त्यांपैकी ९७ टक्क्यांहून जास्त लोकांना ती साडेअकरा दिवसांच्या आत येतात. चौदा दिवस थांबलं तर शंभरात जेमतेम एक जण सुटतो. चौदाचा आकडा जगभर आला तो इथून.

चाचणीचं गणित वेगळं आहे आणि लोकांचा गोंधळ इथेच होतो. आरटी-पीसीआर चाचणी अत्यंत संवेदनशील, पण नाका-घशात विषाणू असेल तरच ती पकडणार. संसर्ग झाल्याच्या पहिल्या दिवशी ती प्रत्येकाला निगेटिव्ह दाखवते. २०२० मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून केलेल्या विश्लेषणानुसार चौथ्या दिवशीही बाधितांपैकी सुमारे ६७ टक्के लोक निगेटिव्ह येतात. पाचव्या दिवशी हे प्रमाण ३८ टक्क्यांवर येतं आणि आठव्या दिवशी सर्वांत कमी, २० टक्के. त्यानंतर ते पुन्हा वाढत जातं.

म्हणजे चाचणी कोणत्या दिवशी करता, यावर सगळं अवलंबून आहे. एखाद्याला कोचीत विलगीकरणात जायच्या आदल्या दिवशी संसर्ग झाला असं धरू. सात दिवस पूर्ण करून चाचणी झाली, तो त्याचा आठवा दिवस. चाचणी सर्वांत चांगली चालते तो नेमका हाच दिवस. असे शंभर बाधित असतील तर ऐंशी इथेच अडतील. उरलेले वीस जहाजात चढतील, पण बेटावर त्यांना आणखी १४ दिवस घरात काढायचे आहेत. दहांपैकी नऊ जणांनी ते नीट पाळले तर शंभरांपैकी दोनच जण संसर्ग घेऊन गावात मिसळतील. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण तर्क असाच चालतो. दोन्ही चाळण्यांना भोकं आहेत, पण एकीची भोकं दुसरीच्या भोकांवर येत नाहीत.

या पद्धतीत बिघाड कुठे होतो? जगभरचा अनुभव सांगतो की बहुतेक वेळा नियमात नव्हे, नियमाच्या कडांवर. एका खोलीत दोघे ठेवले आणि सहाव्या दिवशी एक बाधित निघाला तर दुसऱ्याचे सात दिवस पुन्हा शून्यापासून मोजायला हवेत. तसं न करता त्याला आठव्या दिवशी सोडलं तर विलगीकरणाचा उपयोग संपला. जेवणाचे डबे पोहोचवणारे, सफाई करणारे, रात्रपाळीचे रखवालदार संध्याकाळी आपापल्या घरी जातात. खलाशी प्रत्येक बंदरात उतरतात. 'अत्यावश्यक कामासाठी' म्हणून सवलती दिल्या जातात आणि हळूहळू सवलतींचीच यादी लांबते. शेवटची कड जहाजाची: हॉटेलात सात दिवस एकटा राहिलेला माणूस वातानुकूलित डब्यासारख्या कक्षात अठरा तास अनोळखी लोकांसोबत बसला तर आधीचा सगळा खटाटोप वाया जाऊ शकतो. म्हणूनच बेटावर उतरल्यानंतरचे १४ दिवस गरजेचे होते. ते जहाजातल्या संसर्गासाठीही होते.

आतलं वर्ष

बाहेर एवढा बंदोबस्त असल्यामुळे आत जवळपास नेहमीचं आयुष्य चालू होतं. लग्नं झाली, मशिदी भरल्या, मास्कची सक्ती नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये, देशातल्या बहुतेक शाळा कुलूपबंद असताना, लक्षद्वीपमध्ये मुलं वर्गात बसू लागली.

ही शाळेची गोष्ट मला फार मोलाची वाटते आणि तिचं कारण इंटरनेटमध्ये आहे. तेव्हा बेटांचा सगळा संपर्क उपग्रहावर चालत होता. कोचीहून समुद्राखालून टाकलेली ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली ती जानेवारी २०२४ मध्ये. पुण्या-मुंबईतही ऑनलाइन वर्गांनी मुलांचे हाल केले. उपग्रहाच्या तुटपुंज्या जोडणीवर दहा बेटांवरच्या मुलांचे व्हिडिओ वर्ग चालणं शक्यच नव्हतं. शाळा उघडली नसती तर ते वर्ष पूर्ण गेलं असतं.

किंमत मोजावी लागलीच. पर्यटन थांबलं. मिनिकॉयकडचा सुकवलेला, धुरावलेला ट्यूना, ज्याला 'मास' म्हणतात, तो बाहेर विकूनच पैसा येतो. वाहतूक आटली की माल पडून राहतो. आणि केरळात उपचारासाठी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला परतीच्या वाटेवर तीन आठवडे धरावे लागत. महिनोन्महिने हे सोसणं सोपं नाही. निर्बंध सैल करा असं म्हणणाऱ्यांना वेड्यात काढता येणार नाही.

एक चाचणी, ४८ तास

डिसेंबर २०२० च्या सुरुवातीला प्रशासक दिनेश्वर शर्मा यांचं निधन झालं आणि प्रफुल्ल खोडा पटेल यांच्याकडे कार्यभार आला. त्याच महिन्यात प्रवेशाचे नियम बदलले. सक्तीचं विलगीकरण गेलं. प्रवासाआधी ४८ तासांतली आरटी-पीसीआर निगेटिव्ह असली की पुरे. तेव्हाचे खासदार महंमद फैझल यांनी आणि अनेक बेटवासीयांनी यावर जाहीर टीका केली. २०२१ च्या मे महिन्यात लक्षद्वीपमधल्या नव्या कायद्यांच्या मसुद्यांवरून मोठं आंदोलन उभं राहिलं, त्यातही हा मुद्दा होता.

राजकारण बाजूला ठेवून फक्त गणित पाहू. ४८ तासांच्या नियमात सगळी भिस्त एका चाळणीवर. चाचणीच्या दोन दिवस आधी संसर्ग झालेला माणूस हमखास निगेटिव्ह येणार. चाचणीनंतर, कोझिकोडहून कोचीला येताना बसमध्ये किंवा बंदराजवळच्या खानावळीत संसर्ग झालेला तर कागदावर पूर्ण निरोगी. सर्वांत अनुकूल दिवशी चाचणी झाली तरी शंभर बाधितांतले वीस जाणार, प्रतिकूल दिवशी शंभरच्या शंभर. आणि बेटावर दुसरी चाळणी नाही.

आता हे प्रत्येक जहाजाला लावा. एका फेरीतून बाधित माणूस गावात मिसळण्याची शक्यता समजा १ टक्का असेल, तर २० फेऱ्यांनंतर एकदा तरी तसं घडण्याची शक्यता होते १८ टक्के. तीच प्रत्येक फेरीला १० टक्के असेल, तर १० फेऱ्यांत ६५ टक्के आणि २० फेऱ्यांत ८८ टक्के. पहिल्या हिशेबाने कित्येक महिने निभावून जातं, दुसऱ्याने काही आठवडे. दोन्हींत 'आतापर्यंत काही झालं नाही' असं म्हणता येतं, हाच धोका आहे. धोरण चुकलंय हे जहाज लागल्यावर लगेच कळत नाही.

४ जानेवारी २०२१ रोजी कोचीहून जहाजाने कवरत्तीला आलेला एक प्रवासी १८ जानेवारीला बाधित आढळला. मधले चौदा दिवस पाहा. एक बाधित सरासरी अडीच जणांना संसर्ग देतो आणि एका पिढीला पाच दिवस लागतात असं धरलं, तर चौदा दिवसांत जवळजवळ तीन पिढ्या होतात: एकाचे अडीच, अडीचचे सहा, सहाचे पंधरा. पहिला रुग्ण सापडतो तेव्हा तो पहिला नसतोच. त्या प्रवाशाला संसर्ग मुख्य भूमीवर झाला, जहाजात झाला की बेटावर दुसऱ्याच कुणाकडून झाला, हे केवळ तारखांवरून ठरवता येत नाही. पण विषाणू आत आला होता, एवढं निश्चित. पुढच्या दिवसांत संपर्कातले आणखी लोक बाधित निघाले.

इतकं झपाट्याने का पसरलं

जानेवारी २०२१ पर्यंत मुंबई-पुण्यात लोकसंख्येच्या मोठ्या भागाला संसर्ग होऊन गेला होता. त्यांच्या शरीराला विषाणूची ओळख होती. लक्षद्वीपमध्ये ती कुणालाच नव्हती. एका वर्षाच्या शून्याची ही दुसरी बाजू. कोरडं गवत एका ठिणगीची वाट पाहत असतं तसं झालं. त्यातच मार्च-एप्रिलपासून भारतभर डेल्टा प्रकार पसरला, जो मूळ विषाणूपेक्षा दुपटीच्या आसपास वेगाने पसरतो. एप्रिल-मेमध्ये सगळ्या देशात हाहाकार होता, तेव्हाच बेटांवर टाळेबंदी आणि संचारबंदी आली.

घरच्या घरी अलग राहा, हा सल्ला तरवाडात लागू पडत नाही. वेगळी खोली, वेगळी न्हाणी कुठून आणणार? अशा ठिकाणी बाधिताला घरात ठेवण्याऐवजी शाळेत, वसतिगृहात उभारलेल्या केंद्रात हलवणं हा एकच उपाय उरतो, आणि तोही पहिल्या दोन दिवसांत. त्यासाठी चाचणीचा निकाल बेटावरच मिळायला हवा. नमुने जहाजाने कोचीला पाठवून निकालाची वाट पाहिली तर तीन-चार दिवस जातात आणि तोवर घरातले सगळे बाधित झालेले असतात. दुर्गम ठिकाणांसाठी चिपवर चालणारं ट्रूनॅट यंत्र याच कारणाने उपयोगी ठरलं. गोव्यातल्या वेर्णा इथल्या मोलबायो कंपनीचं हे उत्पादन बॅटरीवर चालतं आणि तासाभरात निकाल देतं. त्याची मर्यादा अशी की एका वेळी मोजकेच नमुने तपासता येतात. एखाद-दुसऱ्या संशयितासाठी उत्तम, पण अख्ख्या बेटाची चाचणी करायची तर अपुरं. तिथे रॅपिड अँटिजेनच्या पट्ट्याच कामी येतात.

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांनी या बाबतीत फार हुशारी दाखवली. तिथे सामन मासे पाळतात आणि माशांमधले विषाणू तपासायची प्रयोगशाळा होतीच. पशुवैद्यक शास्त्रज्ञ देबेस क्रिस्टियानसेन यांनी २०२० च्या सुरुवातीलाच तिथली पीसीआर यंत्रं माणसांच्या चाचणीसाठी तयार करून ठेवली. मार्चमध्ये पहिला रुग्ण सापडला तेव्हा पन्नास हजारांच्या वस्तीसाठी दिवसाला सहाशे चाचण्या करायची ताकद हाताशी होती. १८७ रुग्णांवर पहिली लाट थांबली, मृत्यू एकही नाही. यंत्र माशांचं की माणसांचं याने फरक पडत नाही. पडतो तो ते बेटावर आहे की नाही याने.

ऑक्सिजनचा हिशेब

लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला इंदिरा गांधी रुग्णालय आणि अगत्तीला राजीव गांधी रुग्णालय आहे, काही बेटांवर सामुदायिक आरोग्य केंद्रं आहेत. गुंतागुंतीच्या रुग्णाला मात्र मुख्य भूमीवरच न्यावं लागतं. अशा ठिकाणी ऑक्सिजन म्हणजे सिलिंडर आणि सिलिंडर म्हणजे जहाज.

रुग्णालयात दिसणाऱ्या मोठ्या, डी प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असतील तर एक सिलिंडर पावणेबारा तास पुरतं. दिवसाला दोनाहून जास्त. नाकातून जोराने ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर मिनिटाला ६० लिटर लागले तर तेच सिलिंडर दोन तासांच्या आत रिकामं. मुख्य भूमीवर ही यंत्रं जीव वाचवतात. सिलिंडरवर चालणाऱ्या बेटावर एकाच रुग्णासाठी सगळा साठा संपवू शकतात.

२५ एप्रिल २०२१ च्या सुमारास नौदलाचं आयएनएस शारदा कोचीहून ३५ ऑक्सिजन सिलिंडरं, अँटिजेन चाचणीचे संच, पीपीई आणि मास्क घेऊन कवरत्तीला गेलं. ती सिलिंडरं मोठ्या आकाराची धरली, तर मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या पाच रुग्णांना ती साडेतीन दिवस पुरतात. आकडा ऐकून मदत किरकोळ वाटू नये. हे साडेतीन दिवस म्हणजे रुग्णाला हलवायला किंवा पुढचं जहाज यायला मिळालेला वेळ असतो. रिकामी सिलिंडरं भरायला पुन्हा कोचीलाच न्यावी लागत होती, म्हणून खरा साठा मोजताना भरलेली, वापरातली, रिकामी आणि वाटेत असलेली अशी चार वेगळी खाती ठेवावी लागतात. एकूण सिलिंडरं शंभर आहेत हे वाक्य काहीच सांगत नाही. त्यातली साठ कोचीच्या धक्क्यावर असू शकतात. नौदलाने कोचीतल्या आयएनएचएस संजीवनी रुग्णालयात लक्षद्वीपच्या रुग्णांसाठी अतिदक्षतेसह दहा खाटाही राखून ठेवल्या होत्या.

हवेतून ऑक्सिजन काढणारं कॉन्सन्ट्रेटर सिलिंडरची कटकट टाळतं, पण ते मिनिटाला ५ ते १० लिटरच देतं आणि त्याला अखंड वीज लागते. बेटांवरची वीज मुख्यतः डिझेल जनित्रांवर, आणि डिझेलही जहाजानेच येतं. शिवाय मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पावसाळी समुद्रात छोट्या मालवाहू गलबतांची वाहतूक बंद असते. दुसरी लाट आणि पावसाळा एकत्र आले, हे विसरून चालणार नाही.

रुग्ण हलवण्याचा निर्णय हा सगळ्यात कठीण. कवरत्ती ते कोची साधारण चारशे किलोमीटर. हेलिकॉप्टरला दीड-दोन तास लागतात, हवा खराब असेल तर ते उडत नाही. मुख्य भूमीवर ऑक्सिजनची पातळी ९० च्या खाली गेली की रुग्ण गंभीर धरून अतिदक्षता विभागात नेतात, कारण तो विभाग वरच्या मजल्यावर असतो. बेटावर ९० ची वाट पाहिली तर उशीर होतो. या आजारात प्रकृती बिघडते ती लक्षणं सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसांत. वय जास्त, मधुमेह आणि पातळी ९४ च्या खाली घसरू लागलेली, एवढं दिसलं की हेलिकॉप्टरची विचारणा त्याच सकाळी व्हायला हवी. संध्याकाळी केलेली विचारणा दुसऱ्या दिवसावर जाते. इथे मंजुरीच्या साखळीतली प्रत्येक जादा सही रुग्णाच्या अंगावर पडते.

लसीची कुपी आणि छोटं बेट

देशात लसीकरण सुरू झालं १६ जानेवारी २०२१ रोजी. लक्षद्वीपचा पहिला रुग्ण त्यानंतर दोनच दिवसांनी. हे दोन दिवस मनाला लागतात. वर्षभर राखलेलं शून्य आणि ते ज्यासाठी राखायचं ती लस, यांची भेट थोडक्यात हुकली.

पण प्रामाणिकपणे पाहिलं तर ती भेट नुसत्या दोन दिवसांची नव्हती. अगदी सुरुवातीला फक्त आरोग्यसेवकांना लस होती. ६० च्या पुढच्यांना १ मार्चपासून, ४५ च्या पुढच्या सगळ्यांना १ एप्रिलपासून आणि १८ च्या पुढच्यांना १ मेपासून. सगळ्या प्रौढांना लस मिळेपर्यंत दार घट्ट ठेवायचं म्हटलं असतं तर आणखी सात-आठ महिने लागले असते. किमान वयस्कांना दोन मात्रा मिळेपर्यंत तरी थांबायला हवं होतं, असं माझं मत आहे. मरणाचा धोका सर्वाधिक त्यांनाच होता. न्यूझीलंडशी जोडलेल्या कुक बेटांनी हाच क्रम पाळला. आधी जवळपास सगळ्यांना दोन मात्रा, मग जानेवारी २०२२ मध्ये सीमा खुली, फेब्रुवारीत पहिला स्थानिक रुग्ण. हजारो लोक बाधित झाले आणि मृत्यू एक-दोनच. त्यांना तोवर सौम्य ओमिक्रॉन भेटला हेही खरं, पण लस आधी होती याचं श्रेय मोठं.

बेटावर लस देण्याची अडचण वेगळीच असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोविशिल्डच्या एका कुपीत १० मात्रा, प्रत्येकी अर्धा मिलिलिटर. २ ते ८ अंशांत ठेवायची आणि कुपी उघडली की चार तासांत संपवायची. बित्रा बेटाची वस्ती २०११ मध्ये २७१ होती. तिथे एका दिवशी १३ जण आले तर दुसऱ्या कुपीतल्या सात मात्रा फेकाव्या लागतात. वाचवायच्या म्हणून तिघांना 'उद्या या' सांगितलं, तर पथक उद्या दुसऱ्या बेटावर असतं. म्हणून छोट्या बेटावर आधी घरोघरी यादी करायची, दहाच्या पटीत लोक बोलवायचे, दोन-चार राखीव नावं जवळ ठेवायची आणि अख्खं बेट एका-दोन दिवसांत उरकायचं. सप्टेंबर २०२१ च्या मध्यापर्यंत सर्व प्रौढांना पहिली मात्रा दिलेल्या सहा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत गोव्याबरोबर लक्षद्वीपही होतं; बेटांवर दिलेल्या मात्रा सुमारे ५३ हजार.

आकडे कसे वाचायचे

५२ मृत्यू कमी की जास्त? ११,४१५ रुग्णांमागे ५२ म्हणजे अर्धा टक्काही नाही. देशाच्या नोंदींत हे प्रमाण १.२ टक्के आहे. लोकसंख्येशी तुलना केली तर मात्र लाखामागे ८० मृत्यू होतात, देशाची नोंद ४४ च्या आसपास. एका मापाने लक्षद्वीप देशापेक्षा बरं, दुसऱ्याने वाईट. महाराष्ट्र त्याच मापाने १३० च्या पुढे, गोवा २७० च्या पुढे.

ही विसंगती नाही. छोट्या जागी रुग्ण जास्त प्रमाणात सापडतात, कारण कोण कुणाला भेटलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. भागाकारातली खालची संख्या मोठी झाली की मृत्युदर उतरतो. आणि छोट्या जागी मृत्यू नोंदीतून निसटत नाही, कारण प्रत्येक मयताला अर्धं गाव असतं. देशात कित्येक मृत्यू मोजलेच गेले नाहीत, म्हणून ४४ हा आकडा खऱ्यापेक्षा कमी आहे. दोन ठिकाणांची तुलना करताना रोगाइतकीच मोजणीचीही तुलना होत असते.

लहान संख्यांचा आणखी एक सापळा. बित्रावर एक रुग्ण सापडला की दर होतो लाखामागे ३६९. दुसरा सापडला की 'शंभर टक्के वाढ'. उद्या दोघे बरे झाले की शून्य. अशा ठिकाणी टक्केवारी छापू नये, माणसं मोजावीत. आणि वर दिलेले सगळे दर २०११ च्या लोकसंख्येवर काढलेले आहेत, कारण २०२१ ची जनगणना या महासाथीमुळेच पुढे ढकलली गेली.